बटणावरच्या स्क्रीनला मुंग्या येतात, दिवे आपोआप लागतात: दोष कुठून शोधत जायचा

बटणांजवळ छोटे स्क्रीन लावून स्वतः जोडलेल्या स्मार्ट स्विचबोर्डांबद्दल हे लिहितोय.

आधी लक्षणं

- पंखा, एक्झॉस्ट किंवा चोकवाली ट्यूब बंद केली की बटणावरचा छोटा ओलेड स्क्रीन काळा पडतो, उलटा होतो किंवा त्यावर मुंग्या येतात. दिवे मात्र चालू असतात.
- कुणी हात लावलेला नसताना रात्री दिवा लागतो.
- बटण एकदा दाबलं तरी दिवा लागून लगेच विझतो.
- लाइट जाऊन आली की एखादा स्क्रीन उठत नाही. कधी अख्खा बोर्डच गप्प बसतो आणि मेन पुन्हा बंद-चालू केल्यावर शुद्धीवर येतो.
- टेबलावर जोडून ठेवलं तेव्हा सगळं छान चाललं, भिंतीत बसवल्यावर त्रास सुरू झाला.
- पावसाळ्यात त्रास वाढतो आणि ऑक्टोबरनंतर आपोआप कमी होतो.

मांडणी साधारण अशी गृहीत धरतो: एक ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर), त्यावर रिले मॉड्यूल (कंट्रोलरच्या इशाऱ्यावर दिव्याची लाइन जोडणारे-तोडणारे खटके), आणि प्रत्येक स्विचबोर्डवर बटणं आणि त्यांच्याजवळ एसएसडी १३०६ चिपचा छोटा ओलेड स्क्रीन, आयटूसी या चिपांच्या आपसात बोलण्याच्या पद्धतीने चार तारांवर जोडलेला. स्क्रीनवर ‘हॉल’, ‘देवघर’, ‘बाल्कनी’ असं लिहिलेलं आणि दिवा चालू की बंद ते दिसणारं. बटणाच्या टोपीतच स्क्रीन असलेले तयार स्विचही मिळतात. ते महाग असतात आणि बहुतेक एसपीआय या दुसऱ्या पद्धतीवर चालतात, पण त्यांनाही यातल्या बऱ्याच गोष्टी लागू पडतात.

ठाण्यात घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांत आणि वाशी, कोपरखैरणे, नेरूळच्या जुन्या सिडको घरांत मी हा दोष पुन्हा पुन्हा काढला आहे. माझं ठाम मत असं की दोष स्क्रीनमध्ये जवळजवळ कधीच नसतो. तो असतो स्क्रीन आणि कंट्रोलर यांच्यामधल्या तारेत किंवा दोघांना मिळणाऱ्या ५ व्होल्टमध्ये. तरी लोक आधी स्क्रीन बदलतात, मग ईएसपी३२ बदलतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजाराला दोन खेपा घालतात आणि दोष होता तिथेच राहतो. म्हणून क्रम महत्त्वाचा.

हात लावण्याआधी

खालच्या पहिल्या सहा तपासण्या फक्त कमी व्होल्टेजच्या बाजूच्या आहेत. प्लेट उघडायची तर त्या बोर्डाचा नव्हे, घराचा मेन बंद करा. एकाच गँग बॉक्समध्ये (स्विचबोर्डाच्या भिंतीतल्या डब्यात) दोन वेगवेगळ्या एमसीबीवरून फेज आलेली असणं आपल्याकडे अगदी सर्रास आढळतं. एक एमसीबी पाडून दुसऱ्या फेजचा शॉक बसतो तो असा.

दुसरं, बोर्ड मेनवर चालू असताना त्याला लॅपटॉप जोडू नका, मग सिरियल मॉनिटर पाहायची कितीही घाई असो. काही स्वस्त सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतोच, फक्त एका कपॅसिटरवर व्होल्टेज पाडलेलं असतं. अशा सप्लायचा ‘ग्राउंड’ थेट फेजवर असू शकतो. प्रोग्राम वायफायवरून टाका, नोंदीही वायफायवरूनच पाहा.

१. कंट्रोलर रीस्टार्ट होतोय की नुसता स्क्रीन हरवलाय?

खर्च शून्य, आणि अर्धा दोष इथेच सापडतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन आकडे दाखवायची सोय प्रोग्राममध्ये करा: कंट्रोलर सुरू होऊन किती मिनिटं झाली, आणि तो आजवर किती वेळा सुरू झाला. दुसरा आकडा फ्लॅश मेमरीत साठवा. ईएसपी३२ सुरू होताना मागचा रीस्टार्ट कशामुळे झाला हेही सांगतो. व्होल्टेज पडल्यामुळे झाला असेल तर ‘ब्राउनआउट’ असं कारण मिळतं. तेही दाखवा.

आता गडबड झाली की आकडे पाहा. मिनिटं पुन्हा शून्यापासून सुरू झाली असतील तर कंट्रोलर रीस्टार्ट होतोय: सरळ तपासणी ३ कडे जा, दोष सप्लायचा आहे. स्क्रीनवर काहीच वाचता येत नसेल तर तेच आकडे मोबाइलवर, कंट्रोलरच्या वेब पानावर पाहा. मिनिटं पुढे चालू असतील तर कंट्रोलर ठणठणीत आहे, फक्त स्क्रीनपर्यंतचा निरोप बिघडतोय: तपासणी ५. स्क्रीन ठीक आहे पण दिवे आपोआप लागतात, तर बटणाच्या तारेत खोटी दाब शिरतेय: तपासणी ४.

याच्या जोडीला एक वही ठेवा. गडबड झाली त्या क्षणी घरात काय चालू किंवा बंद केलं गेलं ते घरच्यांनाच लिहायला सांगा, कारण ते दिवसभर तिथे असतात. घणसोलीच्या एका घरात काकूंनी दारातच सांगितलं होतं, “अहो, मी एक्झॉस्ट बंद केला की हॉलच्या बटणावर मुंग्या येतात. चालू करताना नाही येत, बंद करतानाच.” त्या एका वाक्यात निदान होतं. मोटरच्या वेटोळ्यातला प्रवाह एकदम तोडला की व्होल्टेजची उसळी येते, म्हणून बंद करतानाच. एक्झॉस्टची वायर आणि स्क्रीनची केबल स्वयंपाकघराच्या भिंतीत एकाच पाइपातून गेली होती.

२. जोडण्या

टेबलावरच्या प्रयोगासाठी वापरतात त्या टोचायच्या जम्पर वायर भिंतीत ठेवू नका. त्या ढिल्या होतात, आणि रिलेच्या प्रत्येक टकटकीबरोबर थोड्या आणखी. मेन बंद करून प्रत्येक तार दोन बोटांत धरून हलकेच ओढा. हातात आली तर दोष सापडला. नाही आली तरी खाली बघा: तांबं हिरवं पडलंय का?

हा हिरवा थर इकडे खूप दिसतो. खाडीकडे तोंड असलेल्या ऐरोली, वाशी, बेलापूर, कोलशेतच्या घरांत हवेत ओल आणि खार दोन्ही असतं. पातळ बहुतारी वायर स्क्रू टर्मिनलमध्ये नुसती पिळून घातली की दोन पावसाळ्यांत तिची टोकं काळी-हिरवी होतात, संपर्कात रोध वाढतो, आणि मल्टिमीटरवर जोडणी ठीक दिसूनही रिले खेचताना व्होल्टेज पडतं. टोक कापून नवं सोला, त्यावर फेरूल (धातूची छोटी नळी) दाबा, मग स्क्रू आवळा. मॉड्यूलच्या पिनांना थेट डाग द्या (सोल्डर करा) किंवा खटका असलेला कनेक्टर वापरा. स्क्रू टर्मिनलमध्ये जाणाऱ्या बहुतारी वायरच्या टोकाला मात्र डाग देऊ नका: शिसं-कथील मऊ असतं, दाबाखाली सरकतं, आणि स्क्रू ढिला पडतो.

स्क्रीन मॉड्यूलच्या मागे फ्लक्स (डाग देताना वापरतात तो चिकट पदार्थ) चिकटलेला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ करून नीट वाळवा. फ्लक्सचा थर ओल धरतो आणि पिनांमध्ये बारीक गळती होते. पावसाळ्यातच होणाऱ्या दोषाचं हे एक मोठं कारण. वाळल्यावर सर्किटवर मारायचा अ‍ॅक्रिलिक कोटिंगचा स्प्रे एक थर मारा, कनेक्टर आणि बटणाचे संपर्क चिकटपट्टीने झाकून. भिंतच ओली लागत असेल तर मात्र इथेच थांबा. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

३. सप्लाय

आधी कागदावर बेरीज करा. नेहमीचा निळा ५ व्होल्टचा रिले घ्या. त्याच्या कॉइलचा रोध ७० ओहम, म्हणजे एक रिले सुमारे ७१ मिलिअँपिअर घेतो. चार रिले एकदम चालू: जवळपास २८५. ईएसपी३२ वायफायवर पाठवताना क्षणभर बराच प्रवाह ओढतो; त्याच्यासाठी ५०० मिलिअँपिअरची सोय ठेवा असं बनवणारेच सांगतात. स्क्रीन प्रत्येकी साधारण २० धरा. गँग बॉक्समध्ये बसणारी ५ व्होल्ट, ३ वॉटची छोटी सप्लाय ६०० मिलिअँपिअर देते. म्हणजे चार रिलेंच्या घरात बेरीज सप्लायच्या पुढे गेली. एखाददुसरा दिवा लावला तर सगळं छान चालतं, आणि संध्याकाळी सगळे दिवे लागले की बोर्ड रीस्टार्ट. लोकांना हे भुताटकी वाटते. गणित आहे.

आता मोजा. सगळे रिले चालू करून कंट्रोलरच्या ५ व्होल्टच्या पिनवर आणि मग सगळ्यात लांबच्या स्क्रीनवर व्होल्टेज पाहा. हे मोजमाप मेनवर चालू असलेल्या उघड्या बोर्डावर करू नका. त्याच सप्लायला पिन असलेली तात्पुरती वायर जोडून, सप्लायची २३० ची टर्मिनलं झाकून, दिव्यांच्या वायर काढून टेबलावर करा. कंट्रोलरवर ४.७ च्या खाली काटा गेला तर सप्लाय अपुरी आहे. मल्टिमीटर मिलिसेकंदांची घसरण दाखवत नाही, म्हणून आकडा चांगला आला तरी सप्लाय निर्दोष सुटली असं नाही.

खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे रिलेंना वेगळी सप्लाय द्या. बहुतेक रिले मॉड्यूलवर तीन पिनांवर एक छोटा जम्पर असतो, ‘जेडी-व्हीसीसी’ लिहिलेला. तो बसलेला आहे तोवर मॉड्यूलवरचे ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पोचवून दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणारे भाग) नावापुरते असतात, कारण दोन्ही बाजूंना एकच ५ व्होल्ट जातात. जम्पर काढा, जेडी-व्हीसीसी आणि त्याच्या शेजारच्या ग्राउंडला वेगळ्या सप्लायचे ५ व्होल्ट द्या, आणि इनपुटकडच्या व्हीसीसीला कंट्रोलरचे ३.३ व्होल्ट. इनपुटकडचा ग्राउंड मोकळा सोडा, नाहीतर दोन्ही बाजू पुन्हा एक होतात. याने अजून एक दुखणं जातं: ५ व्होल्टचं मॉड्यूल ३.३ च्या सिग्नलवर चालवलं की काही रिले पूर्ण सुटत नाहीत. ३.३ वर एखादं मॉड्यूल खेचायला कुरकुरलं तर मधे ट्रान्झिस्टर लावावा लागतो.

आणि कपॅसिटर. कंट्रोलरच्या ५ व्होल्टवर ४७० मायक्रोफॅरड, प्रत्येक स्क्रीनच्या अगदी पिनांजवळ १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड. लांब तारेच्या टोकाला बसलेल्या स्क्रीनला अचानक प्रवाह लागला तर तो जवळच्या साठ्यातून मिळावा, दहा मीटर लांबून नव्हे.

लाइट जाऊन आल्यावरचा त्रासही सप्लायशीच जोडलेला. व्होल्टेज हळूहळू चढतं, कंट्रोलर आधी जागा होतो, स्क्रीनला सुरुवातीच्या आज्ञा देऊन मोकळा होतो, आणि स्क्रीनची चिप तोवर तयारच नसते. सुरुवातीला अर्धा सेकंद थांबा, मग स्क्रीन खरंच उत्तर देतो का ते विचारा, आणि नाही दिलं तर पुन्हा प्रयत्न करा. एसएसडी १३०६ साठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी अ‍ॅडाफ्रूटची लायब्ररी सुरुवातीला ‘जमलं’ म्हणते याचा अर्थ तिला मेमरी मिळाली एवढाच. तारेच्या टोकाला स्क्रीन आहे की नाही हे ती तपासत नाही. तो प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

अख्खा बोर्डच उठत नसेल तर पिना तपासा. ईएसपी३२ च्या ०, २, ५, १२ आणि १५ या पिना सुरू होताना कंट्रोलर स्वतःसाठी वाचतो. १२ वर बटणाचा पुल-अप (तार ३.३ व्होल्टकडे खेचून धरणारा रोध) लावलेला असेल तर तो फ्लॅशचं व्होल्टेज चुकीचं निवडतो आणि उठत नाही. पिन ० चं बटण त्या क्षणी दाबलेलं असेल तर तो नवा प्रोग्राम घ्यायच्या तयारीत बसून राहतो. या पाच पिनांवर बटणं किंवा रिले नकोतच.

४. बटणाची तार

दिवे आपोआप लागण्याचं कारण जवळजवळ नेहमी इथे असतं. बटण दाबलेलं नसताना त्याची तार अधांतरी राहिली की ती घरातल्या ५० हर्ट्झच्या वायरिंगची एरियल बनते. कंट्रोलरचा आतला पुल-अप साधारण ४५ किलो-ओहमचा, म्हणजे फार ढिला. टेबलावरच्या वीतभर वायरला तो पुरतो, भिंतीतल्या आठ मीटरला नाही. शिवाय ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप मुळातच नाही. प्रोग्राममध्ये तो चालू केला तरी काहीही होत नाही. हे माहीत नसल्याने लोक आठवडे घालवतात.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक बटणाच्या तारेला कंट्रोलरजवळ ३.३ व्होल्टकडे १० किलो-ओहमचा रोध, लांब तार असेल तर ४.७ चा. त्याच ठिकाणी पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरड. तार आणि पिन यांच्यामध्ये १ किलो-ओहम ओळीत, म्हणजे उसळी आली तर ती पिनपर्यंत कमी होऊन पोहोचेल. आणि बटणाला ग्राउंडची स्वतःची तार परत आणा, सिग्नलच्या तारेशी पिळून. वाटेत दुसऱ्या कशाचा ग्राउंड उसना घेऊ नका.

मग प्रोग्राम. बटण सलग ५० मिलिसेकंद दाबलेलं दिसलं तरच दाब खरी माना. मेनचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. त्यातून उचललेला खोटा सिग्नल सलग अडीच आवर्तनं टिकत नाही, आणि माणसाचं बोट सहसा याहून जास्त वेळ राहतं. एकदा दाबून दोनदा होण्याचा त्रासही याच ओळीत जातो. बटण जुनं असेल आणि दाबताना कचकच लागत असेल तर बटण बदला, प्रोग्रामशी झुंजू नका.

५. स्क्रीनची तार

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आयटूसी ही मुळात एका सर्किट बोर्डवर, काही सेंटिमीटर अंतरासाठी आखलेली पद्धत आहे. आपण ती हॉलपासून बेडरूमपर्यंत ओढतो. ओढता येते, पण तिच्या मर्यादा पाळून.

तिच्या दोन तारा, एसडीए (माहितीची) आणि एससीएल (तालाची), वर खेचल्या जातात रोधाने आणि खाली खेचल्या जातात चिपने. वर जायला किती वेळ लागतो हे रोध आणि तारेची कपॅसिटन्स यांच्यावर ठरतं. नेहमीच्या नेटवर्क केबलची एक जोडी मीटरला साधारण ५० पिकोफॅरड धरा. चार मीटर म्हणजे २००. ४.७ किलो-ओहमच्या पुल-अपवर सिग्नल चढायला सुमारे ०.८ मायक्रोसेकंद लागतो. १०० किलोहर्ट्झच्या वेगाला १ मायक्रोसेकंदाची मुभा आहे, म्हणजे जेमतेम चालतं. ४०० किलोहर्ट्झला मुभा ०.३ ची: तिथे ते नियमाबाहेर गेलं. आणि आठ मीटरला एकूण कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडवर पोहोचते, ती या पद्धतीची कमाल मर्यादाच आहे.

म्हणून पहिलं काम, वेग १०० किलोहर्ट्झवर आणा. इथे एक खाचखळगा आहे. वर सांगितलेली लायब्ररी स्क्रीनशी बोलताना दर वेळी वेग आपणहून ४०० वर नेते. प्रोग्रामच्या सुरुवातीला तुम्ही १०० लिहिलं असलं तरी तिच्यापुढे ते टिकत नाही. स्क्रीनचं ऑब्जेक्ट तयार करताना शेवटच्या दोन जागांत वेग द्यायची सोय आहे, तिथेच १,००,००० लिहा. पुष्कळ घरांतल्या मुंग्या एवढ्याने गेल्या आहेत.

दुसरं, पुल-अप मोजा. प्रत्येक स्क्रीन मॉड्यूलवर स्वतःचे रोध असतात, बहुधा ४.७ किंवा १० किलो-ओहमचे. ४.७ चे सहा स्क्रीन एका तारेवर टाकले की एकत्रित रोध ७८३ ओहम उरतो. तार खाली ओढायला चिपला ४ मिलिअँपिअरच्या वर प्रवाह लागतो, आणि मानक ३ चंच आश्वासन देतं. ‘शून्य’ नीट शून्य होत नाही आणि स्क्रीन गोंधळतो. मेन बंद, सप्लाय काढलेली, अशा वेळी एसडीए आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा: १ किलो-ओहमपेक्षा कमी दिसला तर काही मॉड्यूलवरचे रोध काढा. तेच एससीएलवर. २ किलो-ओहमच्या आसपास आलं की काम झालं.

तिसरं, केबलमधल्या जोड्या. एसडीए आणि एससीएल एकाच पिळलेल्या जोडीत घालू नका, ते एकमेकांचं ऐकतात. एसडीए ग्राउंडबरोबर, एससीएल दुसऱ्या ग्राउंडबरोबर, सप्लाय तिसऱ्या जोडीत.

आणि चौथं, पत्ता. या स्क्रीनला दोनच पत्ते असतात, ०एक्स३सी आणि ०एक्स३डी. मॉड्यूलच्या मागे ०एक्स७८ छापलेलं असतं तो ०एक्स३सीच, मोजायची रीत निराळी. दोनपेक्षा जास्त स्क्रीन असतील तर टीसीए ९५४८ए हा आठ शाखांचा मल्टिप्लेक्सर घ्या. पत्त्यांची अडचण सुटतेच, पण माझ्या दृष्टीने मोठा फायदा हा की एका वेळी एकच शाखा जोडलेली राहते. बाकीच्या केबलचं ओझं तेवढ्यापुरतं उतरतं, आणि एखाद्या शाखेत स्क्रीन अडकून बसला तर बाकीचे चालू राहतात. त्याची रीसेट पिन कंट्रोलरला जोडून ठेवा.

एवढं करूनही वर्षातून कधीतरी एखादी उसळी आत शिरणारच. एसएसडी १३०६ च्या आतल्या सेटिंगमधला एखादा आकडा बदलला की चित्र उलटं होतं किंवा सरकतं, आणि ते आपोआप सुधरत नाही. म्हणून दर काही मिनिटांनी, दिवे लावण्याच्या कामात खंड न पाडता, स्क्रीनला सुरुवातीच्या आज्ञा पुन्हा पाठवा. हे मलम आहे, वरच्या उपायांनंतर लावायचं. आधी लावलं तर मूळ दोष झाकला जातो.

दोन गोष्टी दोषासारख्या दिसतात पण नाहीत. चित्र कायम दोन ठिपके सरकलेलं आणि कडेला कचरा असेल, विशेषतः १.३ इंची स्क्रीनवर, तर ती चिप एसएच ११०६ आहे, लायब्ररी बदला. आणि ‘हॉल’ हा शब्द पुसट होऊन मागे डाग राहत असेल तर ओलेड जळत चालला आहे. अर्ध्या मिनिटाने स्क्रीन मंद करा, बटण दाबल्यावर उजळवा.

६. वेगळा पाइप, वेगळा रस्ता

स्क्रीनची केबल २३० व्होल्टच्या वायरबरोबर एकाच पाइपात असेल तर वरचं सगळं करूनही त्रास उरेल, आणि त्याहून गंभीर म्हणजे ते धोकादायक आहे. नेटवर्क केबलचं पातळ प्लास्टिक घासून फाटलं तर फेज थेट तुमच्या बटणावर येते. टीव्हीची किंवा टेलिफोनची रिकामी पाइप बहुतेक फ्लॅटमध्ये असते, ती शोधा. जुन्या सिडको घरांत पाइप इतक्या भरलेल्या असतात की नवी केबल जातच नाही. तिथे भिंतीच्या कडेने पट्टी मारा. मेनच्या वायरला ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा, शेजारून समांतर जाऊ नका.

वेगळा रस्ता निघत नसेल तर केबलचा नाद सोडा. प्रत्येक बोर्डात एक छोटा ईएसपी३२ बसवा, स्क्रीन आणि बटणं त्याला वीतभर तारेने जोडा, आणि त्यांनी मुख्य कंट्रोलरशी वायफायवर बोलावं. पाच खोल्यांच्या घरात मी आता थेट हाच सल्ला देतो.

इथे थांबा, वायरमनला बोलवा

पुढचा उपाय स्नबरचा, म्हणजे उसळी शोषणाऱ्या रोध-कपॅसिटर जोडीचा. १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ प्रकारचा (मेनवर लावण्यासाठी बनवलेला) कपॅसिटर ओळीत, एक्झॉस्ट किंवा पंख्याच्या टोकांवर. उसळी जिथे जन्मते तिथेच विरते, आणि घणसोलीच्या घरातला त्रास शेवटी यानेच पुरता गेला. तो काम करतो, पण मेनच्या बाजूला बसतो. म्हणून तुम्ही स्वतः बसवू नका. परवाना असलेल्या वायरमनला द्या, आणि एवढं सांगा की रिलेच्या संपर्कांवर न लावता लोडवर लावा. संपर्कांवर लावला तर २३० व्होल्टला त्यातून सुमारे ७ मिलिअँपिअर झिरपतात आणि एलईडी दिवा बंद असूनही मिणमिणतो.

खालीलपैकी काहीही दिसलं तर मात्र स्क्रीनचा विचारच सोडा, मेन पाडा आणि त्याच दिवशी माणूस बोलवा:

- प्लेटला किंवा बटणाला हात लावल्यावर झिणझिण्या.
- जळका वास, प्लेट पिवळी पडणं, बोर्डातून चरचर आवाज.
- आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा खटका) किंवा एमसीबी पुन्हा पुन्हा पडणं. ते चालू राहावं म्हणून मोठं बसवू नका.
- बोर्डाच्या भिंतीतून ओल, विशेषतः पावसाळ्यात.
- रिले टिक वाजतो पण दिवा विझत नाही. संपर्क चिकटले आहेत. एका रिलेवर बरेच एलईडी पॅनेल टाकले की सुरू होतानाच्या प्रवाहाने असं होतं. १० अँपिअर लिहिलेलं असतं ते साध्या रोधाच्या लोडसाठी.
- घराला अर्थिंगच नसणं, किंवा फेज आणि न्यूट्रल उलटे असणं.

वायरमनला वही दाखवा. “दादा, एक्झॉस्ट बंद केला की होतं” एवढं सांगितलं तरी त्याचा तास वाचतो. आणि तो आलाच आहे तर एक काम करून घ्या: प्रत्येक दिव्याच्या रिलेचे तिन्ही संपर्क वापरून, भिंतीवरच्या साध्या टू-वे स्विचबरोबर जिन्यासारखी जोडणी. रिले हा त्यातला दुसरा टू-वे स्विच होतो. मग स्क्रीन काळा पडो, कंट्रोलर अडको, वायफाय जावो, घरातल्या माणसाला साध्या खटक्याने दिवा लावता येतो. दिवा खरंच लागला आहे का हे कंट्रोलरला कळण्यासाठी लोडच्या बाजूला ऑप्टोकपलरचं छोटं सेन्सिंग मॉड्यूल लागेल. तेही त्यालाच बसवू द्या, आणि स्क्रीनवर जे दिसतं ते त्याच्यावरून दाखवा.